आधी सुटली म्हण

कळमनुरीत आम्ही ज्या घरात भाड्यानं राहायचो, त्या घराच्या मालकांचा आवाज असा होता की त्यांनी ओट्यावरून भाजीवाल्याला हाक मारली की पलीकडच्या गल्लीतला भाजीवालासुद्धा गाडा थांबवायचा. जन्मभर कोर्टात शिपाई. अमुक अमुक हाजीर हो, असा व्हरांड्यातून पुकारा करायचा आणि साक्षीदार पिंजऱ्यात येऊन उभा राहिला की त्याच्याकडून शपथ म्हणवून घ्यायची, हे त्यांचं काम. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी सवय काही गेली नव्हती. जेवायला बसले तरी आधी ताटाकडे बघून भाकरी, चटणी, वरण अशी हजेरी घ्यायचे आणि मगच पहिला घास मोडायचे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो, त्यांच्या बायकोला मामी. आणि एवढा आवाज असलेला हा माणूस घरात बायकोशी बोलत नव्हता.

बोलत नव्हता म्हणजे अजिबात नाही. जे काही सांगायचं ते कुत्र्यामार्फत. कुत्र्याचं नाव वकील. गावठीच, तांबूस रंगाचा, एक कान कधीतरी भांडणात फाटलेला. मामा ओट्यावर आणि मामी चुलीपाशी, मध्ये उंबऱ्यावर वकील बसलेला असायचा. मामा म्हणायचे, "वकीलसाहेब, तुमच्या अशिलाला सांगा, चटणी आज तिखट झाली." कुत्रा मान वळवून मामीकडे बघायचा. आतून मामी भाकरी थापता थापता म्हणायची, "वकील्या, सांग त्यांला, ज्याला तिखट लागतं त्यानं गूळ खावा." कुत्रा परत मान वळवून मामांकडे. हा तिसरा वकील, असं कळलं. आधीचे दोघं म्हातारे होऊन गेले. कुत्रं बदललं तरी वकिली चालूच राहिली.

आमच्याकडे ठकी नावाची मांजर होती. एकदा वकील कुठं उंडारायला गेला होता, तेव्हा मी गमतीनं म्हटलं, मामा, आज ठकीला पाठवा की निरोप घेऊन. मामा गंभीरपणे म्हणाले की मांजरीवर भरोसा न्हाई, ती ऐन वेळी फितूर होणारी साक्षीदार आहे. मी पोट धरून हसले. पहिले काही दिवस हे सगळं फार गमतीचं वाटायचं. माहेरी फोन करून मी आईला किस्से सांगायची.

मग हळूहळू हसू आटलं. जिन्यावरून खाली उतरताना ताटाचा आवाज आला की माझा पाय थबकायचा. कारण निरोपानिरोपी संपली की त्या घरात जी शांतता पडायची, ती मला सोसायची नाही. मी परभणीची. आमच्या घरी भांडणं गल्लीला ऐकू जायची आणि संध्याकाळी सगळे एका परातीत चिवडा खायचे. राग आला तर बोलून मोकळं व्हावं, हे मला कळतं. हे असं तोंडाला कुलूप लावून वर्षानुवर्षं एका छपराखाली राहणं मला कळत नव्हतं. मला मामांचा रागच यायचा. एवढ्या चांगल्या बाईला हा माणूस असं जाळतोय, असं वाटायचं.

यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एकदा मामांना आडून सुचवलं. हे बँकेत, यांना वाटतं प्रत्येक गोष्टीला काहीतरी सोय असतेच. समोर बोलायचं नसेल तर फोनवर बोला, म्हणाले. मामा म्हणाले की फोनवरचं बोलणं बी बोलणंच असतं. मग चिठ्ठी लिहा. तर म्हणाले, "कोर्टात लेखी जबाब बी जबाबच धरतात, साहेब." यांनी हात टेकले. मामी एकदा बहिणीकडे हिंगोलीला गेली आणि परतीची जीप काही लवकर येईना, तेव्हा मामांनी मला फोन लावायला लावला. मी बोलत होते आणि ते माझ्या खांद्यापाशी कान देऊन उभे होते. मामी पलीकडून म्हणाली, निघालेय, येते. मामांनी नुसता श्वास सोडला. आणि मामी येईपर्यंत नाक्यावर जाऊन उभे राहिले. ती जीपमधून उतरली तसे मामा दहा पावलं पुढे चालत घरी आले. मागं वळून बघितलं नाही. पण पिशवी मात्र तिच्या हातातून घेतली होती. मला ह्या माणसाचा काही अंदाज येईना.

आमच्या तिथल्या दुसऱ्या शरदातली ही गोष्ट. नवरात्र संपलं होतं, सोयाबीन निघालं होतं, गावाबाहेरच्या शेतांमधून मळणीची धूळ उडून घरात यायची आणि ऑक्टोबरचं ऊन असं की दुपारी गच्चीवर पाय ठेववत नव्हता. संध्याकाळी दिवा लावला की तुडतुड्यांचा खच. त्यातच यांनी मला न विचारता बँकेतल्या मित्रांना कोजागिरीचं बोलावणं देऊन टाकलं. बायका-पोरांसकट. मला कळलं ते त्यातल्या एकीच्या फोनवरून, काय आणू म्हणून तिनं विचारलं तेव्हा. माझं डोकंच फिरलं. हे संध्याकाळी घरात पाय टाकतात न टाकतात तोच मी सुरू झाले. आणि बोलता बोलता म्हणाले, "परत मला न विचारता माणसं बोलावलीत तर माझं मेलेलं तोंड पाहाल."

आता हे आपण म्हणतोच. माझी आई म्हणायची, आजी म्हणायची. जिभेला काही हाड नसतं. पण मी असं म्हटलं आणि खालून जिन्यावर पावलं वाजली. मामा कधीच वर यायचे नाहीत, गुडघे दुखायचे त्यांचे. दारात उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आधी सुटली म्हण," ते म्हणाले.

मला आधी कळेचना. लहानपणी आम्ही खेळताना म्हणायचो तसं. कुणी गळ्याची शपथ घातली की ज्यानं घातली त्यानंच सुटली म्हणायचं, मग ती शपथ उतरते. मी हसले. म्हटलं, मामा, मी काय खरं मरून राहिले का, रागात बोलले. तर त्यांचा आवाज चढला, तो कोर्टातला आवाज. "हसू नको, पोरी. शपथ रागात घातली म्हणून खोटी होत न्हाई. म्या लई साक्षीदार पाह्यलेत. सुटली म्हण."

मी म्हटलं, सुटली. त्यांनी यांच्याकडे वळून विचारलं, ऐकलं का साहेब, सुटली. हे म्हणाले, ऐकलं. मग मामा माझ्या स्वयंपाकघरात गेले, माठातलं पाणी तांब्यानं घटाघट प्यायले आणि एक एक पायरी धरत खाली उतरले. आमचं भांडण तिथंच थंडावलं.

कोजागिरीला गच्चीवर मंडळी जमली. मी मसाला दूध घेऊन खाली गेले, दोघांना दोन पेले. मामीनं पेला घेतला. मामा त्या दुधाकडे बघतही नव्हते. वकीलला म्हणाले, "वकीलसाहेब, सांगा, आमचं दूध बंद हाय." एरवी मामीनं ह्यावर काहीतरी तिखट उत्तर दिलं असतं. त्या दिवशी ती कुत्र्याशीही बोलली नाही. पेला तसाच ठेवून उठली आणि आतल्या खोलीत गेली. वर आमच्या मंडळींचं हसणं चाललं होतं, आणि खाली मामांनी दार लावून घेतलं. मी वर आले तरी माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ह्या दोघांच्यात कोजागिरीचं काहीतरी आहे, एवढं कळलं.

दिवाळी जवळ आली तशी गल्लीतली पोरं दिवसाउजेडी फटाके फोडायला लागली. वकील तसा गल्लीतल्या डुकरांना पुरून उरणारा, पण फटाक्याला महाभित्रा. पहिला सुतळी बाँब फुटला की जिना चढून आमच्या पलंगाखाली. ठकी पलंगावर, हा पलंगाखाली, दोघं एकमेकांकडे न बघता पडून राहायचे.

त्या दिवशी सकाळीही तसंच झालं. मी जिन्यावर बसून डबे पुसत होते. खाली अंगणात मामी अंघोळीच्या पाण्याच्या चुलीपाशी होती. भिंतीला कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग लावलेला असायचा, जळणाला. मामी वाकून त्या ढिगाखालच्या मोडक्या काड्या ओढत होती. मामा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. आणि एकदम ते उभे राहिले. अडकित्ता खाली पडला.

मी पाहिलं, ते तोंड उघडून उभे आहेत आणि आवाज निघत नाही. मग ओरडले, "वकील! वकील!" वकील माझ्या पलंगाखाली. त्यांनी वर माझ्याकडे बघितलं आणि हातानं काहीतरी खुणा करायला लागले, खाली, तिकडे, ढिगाकडे. मला वाटलं कुत्रा मागतायत. मी म्हटलं, मामा, तो झोपलाय, फटाक्याला भ्यालाय. त्यांनी पायातली चप्पल काढून मामीच्या दिशेनं फेकली. ती तिच्या पाठीमागं पडली. मामीनं मान वळवून चपलेकडे बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं, आणि असली तिरस्काराची नजर मी त्या बाईच्या डोळ्यांत कधी पाहिली नव्हती. तिनं मान परत वळवली आणि हात ढिगात घातला.

"चंद्रकला! हात माघारी घे!"

सगळी गल्ली थांबली असेल. समोरच्या घरातली बाई हातात केरसुणी घेऊन बाहेर आली. मामीचा हात जागच्या जागी थिजला. त्या आवाजानं थिजला, साप तर तिनं अजून बघितलाच नव्हता. मग ती मागं सरकली आणि पऱ्हाट्यांतून कुकरची शिट्टी गळावी तसा फूत्कार आला. घोणस होती. हाताएवढी जाड. मी जिन्यावरूनच किंचाळले.

सर्पमित्राला फोन केला, तो पोरगा येऊन घोणस पिशवीत घालून घेऊन गेला. गल्ली जमली, मामीला धीर द्यायला लागली, कुणी हळदीचं दूध दिलं. मला वाटलं, चला, फिटलं. संकट टळलं आणि अबोलाही सुटला. पण मामा कुठं दिसेनात. बघते तर ओट्याच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेले, आणि ढसाढसा रडत होते.

"मारलं म्या तिला," एवढंच म्हणत होते. "मारलं."

मी म्हटलं, मामा, वाचवलं तुम्ही. ते नुसती मान हलवत राहिले.

त्यानंतरचे दिवस मला आठवायलाही नको वाटतात. मामा परत मुके झाले, पण आता वेगळंच सुरू झालं. मामी जिथं जाईल तिथं मागं. ती नळावर गेली की हे नळावर. ती चुलीपाशी बसली की हे पाण्याची बादली घेऊन शेजारी. ती स्टुलावर चढून जाळी काढायला लागली तर ह्यांनी स्टूलच ओढून नेलं. ती झोपली की हे उशाशी बसून तिचा श्वास बघायचे. जेवण सुटलं. दाढी वाढली. मामीचा जीव मेटाकुटीला आला. "वकील्या, सांग त्यांला, मी काय पळून जाऊन राहिले का?" असं ती दिवसातून कितीदा तरी म्हणायची. मामा उत्तर देत नव्हते, वकीलमार्फतसुद्धा नाही. मला वाटायला लागलं की ह्या माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला. माझा नवरा म्हणाला, नांदेडला डॉक्टरकडे न्यावं. पण नेणार कोण, मामा मामीला सोडून हलायला तयार नाहीत.

अशात एक दिवस सोमलादादा आले. मामांचे जुने मित्र, गावाजवळच्या तांड्यावरचे. दर वर्षी ह्या दिवसांत टोपलीभर सीताफळं घेऊन यायचे आणि ओट्यावर बसून मामांशी दिवसभर गप्पा मारायचे. त्या दिवशी मामा त्यांच्याशीही बोलले नाहीत. मी सोमलादादांना वर चहाला बोलावलं आणि चहा पुढं ठेवून सरळ विचारलं. म्हटलं, दादा, तुम्ही एवढे जुने मित्र, तुम्हाला ठाऊक असणारच. हे काय आहे? सोमलादादांनी बशीतला चहा संपवला. मग सांगितलं.

खूप वर्षांपूर्वी ह्याच अंगणात कोजागिरी होती. कोर्टातले मित्र, दोन-चार वकील, सोमलादादा, सगळे जमलेले. मामा तेव्हा रंगात असायचे, मैफलीत त्यांच्याशिवाय हसणं नसायचं. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं, ते सगळ्यांना माहीत होतं. कुणीतरी विचारलं, काय मग, पाळणा कधी? आणि मामांनी उभं राहून पुकाऱ्याच्या आवाजात सांगितलं, "आमची केस बोर्डावर लागतच न्हाई, निस्त्या तारखा!" सगळे खदाखदा हसले. मामाही हसले. त्याच वेळी मामी दुधाचं तबक घेऊन दारात उभी होती. तिनं तबक खाली ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, आजपासून माझ्याशी एक शब्द बोलाल तर माझं मेलेलं तोंड पाहाल. आणि आत निघून गेली.

"आम्ही समजलो," सोमलादादा म्हणाले, "वहिनी चिडल्या, उद्या बोलतील. पर ह्यानं ते धरूनच ठेवलं. कोर्टात खोटी शपथ घेतलेल्यांचं काय झालं, हे त्यानं आयुष्यभर पाह्यलं, नाही तर पाह्यलं असं मानलं. मला म्हणला, सोमल्या, मी बोललो अन् तिला काही झालं तर? मी म्हणलं, वहिनीला सुटली म्हणायला सांग. तर म्हणला, सांगू कसा? सांगायचं म्हणजे बोलायचंच की."

मी कपाळाला हात लावला. मग तुम्ही का नाही सांगितलं, म्हटलं. सोमलादादा म्हणाले की ह्यानं त्यांनाही गप्प बसवलं होतं. म्हणाला होता, ती आपणहून म्हणंल तर खरं, तू माझ्या बाजूचा माणूस, तू सांगून म्हणली तर ते शिकवलेल्या साक्षीदारासारखं होतं, शपथ उतरत न्हाई.

म्हणजे हा माणूस रुसला नव्हता. एवढी वर्षं बायकोला जिवंत ठेवून राहिला होता. आणि आता साप दिसला तेव्हा त्याला तिला वाचवायला तिच्याशी बोलावं लागलं, आणि आता तो तिच्या मरणाची वाट बघत तिच्या उशाशी बसला होता. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आणि रागही आला, दोघांचाही.

मला काही शपथबिपथ नव्हती. मी तडक खाली गेले. मामी परातीत शंकरपाळ्याचं पीठ मळत होती आणि मामा दारात बसले होते. मी त्यांना म्हटलं, मामा, तुम्ही जरा वर जाऊन सोमलादादांपाशी बसा, मी आहे मामीजवळ, हलत नाही. कसेबसे गेले. मग मी मामीला सगळं सांगितलं.

मला वाटलं होतं, मामी रडेल. आत्ताच्या आत्ता वर जाईल. मामीचे हात पिठात थांबले. मग म्हणाली, "मी रागात काय म्हणले ते मला याद न्हाई. ते काय म्हणले ते याद हाय."

मी म्हटलं, मामी, एक शब्द म्हणायचाय. सुटली म्हणा, बास.

"न्हाई म्हणत," ती म्हणाली. "माझी माय गेली तवा हा माणूस माझ्यापाशी बसला, एक शब्द बोलला न्हाई. माझं ऑपरेशन झालं तवा न्हाई. मला वाटलं, मी चार माणसांत त्यांला बोलले म्हणून राग धरून राह्यले. मी बी मग न्हाई बोलले. आता तू म्हणतीस, ते भिऊन राह्यले व्हते. बरं. भिऊ दे. म्या काहून सोडवू त्यांला? त्या रातीचं ते कवा बोलणार?" आणि तिनं पीठ असं आपटलं की परात वाजली.

तिचंही बरोबर होतं. मी वर आले आणि रात्री जेवताना यांना म्हटलं, मला आता ह्या घरात राहायचं नाही, माझा जीव टांगणीला लागलाय. हे म्हणाले, दिवाळी होऊ दे.

लक्ष्मीपूजन झालं. मामांनी कोरा सदरा घातला होता आणि तो त्यांच्या अंगावर लोंबत होता. पाडव्याच्या सकाळी मी खाली फराळाचं ताट द्यायला गेले तर मामी म्हणाली, "वकील्या, वरच्या बाईला सांग, सोमलाला फोन लाव. म्हणावं, आत्ताच्या आत्ता ये." मी समोर उभी असताना. मी गुपचूप फोन लावला.

सोमलादादांच्या तांड्यावर दिवाळीची गडबड होती, तरी ते मोटारसायकलवर आले. मामीनं घरात पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, औक्षणाचं ताट तयार केलं. पाडव्याला ती मामांना दर वर्षी ओवाळायची, न बोलता. मामा पाटावर बसले. वकील त्यांच्या शेजारी त्याच्या नेहमीच्या जागी. मी, हे आणि सोमलादादा भिंतीशी उभे. मामीनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, निरांजनाचं ताट एकदा ओवाळलं आणि ताट तसंच हातात धरून थांबली. मग तिनं सरळ मामांकडे बघितलं. कुत्र्याकडे नाही.

"बोला," ती म्हणाली. "त्या कोजागिरीचं काय ते बोला."

मामांनी दोन्ही हातांनी तोंड धरलं. मान जोरजोरात हलवली.

"तुमी आधी बोला. मंग मी सोडवते."

मामा तसेच. तोंडावर हात दाबलेले आणि डोळ्यांतून पाणी घळाघळा. सोमलादादा "वहिनी..." म्हणाले, तर मामीनं त्यांना नजरेनंच गप्प केलं. निरांजनाची वात चरचरायला लागली. मला वाटलं, आता ही ताट खाली ठेवणार आणि सगळं कायमचं संपणार. माझ्या नवऱ्यानं माझा हात घट्ट धरला होता, ते मला नंतर कळलं. मामी मामांच्या हातांकडे बघत होती. ते हात तोंडावरून सुटत नव्हते.

"मी मरन म्हणून एवढे भिता?" मामीनं विचारलं. आवाज खाली आला होता तिचा.

मामांनी मान हलवली. होय.

मामीनं ताट पुन्हा हळूहळू ओवाळलं, पुरतं. खाली ठेवलं. आणि म्हणाली, "सुटली."

मामांनी सोमलादादांकडे बघितलं. सोमलादादा म्हणाले, ऐकलं मी, सुटली. मग मामांनी तोंडावरचे हात काढले. ज्या माणसाच्या आवाजानं गल्ली थांबायची, त्याला आवाजच सापडेना. दोनदा नुसते ओठ हलले.

"त्या रातीला म्या हसलो," ते म्हणाले. "मला हसू येत न्हवतं, चंद्रकला."

मामी खालीच बसली, त्यांच्या पाटासमोर. पदर तोंडाला लावला. सवयीनं म्हणाली, "वकील्या, सांग त्यांला..." आणि थांबली. कुत्रा मान वर करून वाट बघत होता. मामीनं त्याच्या फाटक्या कानावरून हात फिरवला.

"वकील्या, तू जा बाहीर," ती म्हणाली. "आमचं आमी बघतो."

यांनी वकीलला उचललं आणि आम्ही सगळे बाहेर आलो. सोमलादादांनी मागून दार ओढून घेतलं. ओट्यावर बसून त्यांनी पिशवीतली सीताफळं काढली आणि आम्ही खात बसलो. मग आतून मामांचं बोलणं सुरू झालं आणि थांबेचना. मी मुद्दाम दाराकडे कान लावून बसले होते, खोटं कशाला सांगू. पण त्या दिवशी मामा काय बोलले, ते मला ओट्यावर बसूनसुद्धा ऐकू आलं नाही.